पाडलेली वीट आणि विकलेली वीट : मुंबईलगतच्या एका भट्टीच्या आधुनिकीकरणाचा हिशेब

कल्याण–मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला, उल्हासनगरपासून दहा किलोमीटरच्या आत, एका कुटुंबाची वीटभट्टी दोन पिढ्यांपासून चालत आली होती. तिचे मालक २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या मुलुंडच्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन हंगामांच्या वह्या होत्या आणि तोंडी एकच आकडा होता. ‘‘आमची वीट पाच रुपये पंधरा पैशांना पडते, साहेब. मशीन घेतले तर किती पैशांना पडेल, तेवढे सांगा.’’ हा प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर द्यायला पुढची साडेतीन वर्षे लागली. वीटधंद्यातील आधुनिकीकरणाची चर्चा बहुतेक वेळा यंत्राच्या किमतीवर सुरू होते आणि तिथेच संपते, म्हणून हे उत्तर सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

मालकांची ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत, आणि तुलना करता यावी म्हणून जुन्या व नव्या पद्धतीचे सर्व दर २०२२–२३ च्या पातळीवर आणून ठेवले आहेत. वीट म्हणजे इथे मुंबईच्या बाजारात चालणारी साधारण नऊ बाय चार बाय तीन इंचांची वीट. भाजलेल्या लाल विटेचे वजन २.८ किलो आणि राखेच्या विटेचे ३ किलो धरले आहे.

बदलाची निकड कशी आली, हे आधी सांगितले पाहिजे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा हंगाम संपत आला होता आणि शेवटची कच्ची वीट रचायची राहिली होती. त्याच वर्षी १ आणि २ डिसेंबरला अवकाळी पाऊस झाला, तेव्हा नवा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दुसऱ्या पावसात पाडून सुकत घातलेल्या एक लाख विटांचा पुन्हा चिखल झाला. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची वीटभट्ट्यांविषयीची अधिसूचना निघाली. तिच्यानुसार, हवेच्या गुणवत्तेचे मानक न पाळणाऱ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील भट्ट्यांनी एका वर्षात, आणि इतर ठिकाणच्या भट्ट्यांनी दोन वर्षांत, झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या पद्धतीवर अथवा पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर जायचे होते. उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे त्या शहरांच्या यादीत आहेत. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून विटांवरील जीएसटीची रचना बदलली आणि पूर्वीच्या पाच टक्क्यांऐवजी वजावट (खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करणे) न घेता सहा टक्के किंवा वजावट घेऊन बारा टक्के असे दोन पर्याय समोर आले. वर्षभराच्या आत पाऊस, कायदा आणि कर या तिन्ही बाजूंनी रेटा आल्यावर मालक माझ्याकडे आले होते.

जुन्या विटेचा खरा भाव

ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील भट्ट्या उत्तर भारतासारख्या मोठ्या धुराड्याच्या क्वचितच असतात. भातशेतीच्या जमिनीत मातीचा थर पातळ असतो आणि जागा हंगामापुरती भाड्याने मिळते, त्यामुळे इथे विटांचाच ढीग रचून, त्यात तूस आणि कोळसा भरून, बाहेरून लिंपून ती भट्टी पेटवली जाते. दिवाळीनंतर काम सुरू होते आणि पावसाआधी संपते. या मालकांच्या एका हंगामात बारा लाख विटा पाडून भट्टीत रचल्या जात.

वह्यांमधला हजार विटांचा खर्च असा होता : माती, तिची वाहतूक आणि स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) मिळून ₹९००, पाडण्याची मजुरी ₹१,१५० आणि भट्टी रचणे, भरणे व उपसणे यांचे ₹५५०, कोळसा व तूस मिळून ₹१,९५०, जागा, पाणी आणि देखरेख ₹३५०, मजुरांना दिलेल्या उचलीवरचे व्याज आणि बुडालेली उचल ₹२५०. बेरीज ₹५,१५० येते, आणि मालकांचे पाच रुपये पंधरा पैसे तिथूनच आले होते. वह्या काटेकोर होत्या आणि त्यात कुठेही लपवाछपवी नव्हती. चूक भागाकारात होती. त्यांनी खर्चाला पाडलेल्या विटांनी भागले होते, भट्टी उघडल्यावर विकण्याजोग्या निघालेल्या विटांनी नव्हे.

भट्टी उघडताना मी दोनदा हजर राहिलो. मधल्या थरातली वीट तांबूस आणि खणखणीत असते, दोन विटा एकमेकींवर आपटल्या की टाकीच्या घावासारखा आवाज येतो. खालच्या थरात जाळ जास्त लागलेल्या विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांना खंगर म्हणतात. बाहेरच्या अंगाच्या विटा पिवळट राहतात आणि नखाने ओरखडल्या तर भुकटी निघते. दोन्ही वेळा मुकादमाबरोबर थरवार मोजणी केली, तेव्हा शंभरातल्या ८२ विटा अव्वल, १० दोयम आणि ८ टाकाऊ असे प्रमाण पडले. दोयम वीट तीन रुपयांना जाते. म्हणजे ₹५,१५० मधून दोयम विटांचे ₹३०० वजा केले की उरलेले ₹४,८५० हे ८२० अव्वल विटांवर बसतात, आणि एक वीट ₹५.९१ ला पडते. ज्या वर्षी एक लाख कच्ची वीट पावसात गेली, त्या वर्षी तिची माती आणि पाडणावळ मिळून ₹२.०५ लाख बुडाले. ते विकलेल्या ९.८४ लाख विटांवर वाटले, तर आणखी २१ पैसे चढतात आणि आकडा ₹६.१२ होतो. मालक ज्या विटेला पाच पंधराची समजत होते ती सहा रुपयांच्या घरात होती. साखर कारखान्यात जसा उतारा बघतात, तसा भट्टीचाही उतारा बघितला पाहिजे, आणि आधुनिकीकरणाची कोणतीही तुलना या आकड्यापासून सुरू व्हायला हवी. पाच पंधरापासून सुरुवात केली, तर प्रत्येक नवी पद्धत महागच दिसेल.

या ₹५.९१ मध्येही सगळा खर्च आलेला नव्हता, आणि जे आले नव्हते ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जव्हार, मोखाडा, वाडा या भागांतून चोवीस कुटुंबे, बहुतेक कातकरी, पावसाळ्याच्या अखेरीस उचल घेऊन इथे येत. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळे आणि हंगाम संपल्यावर पाडलेल्या विटांच्या हिशेबातून उचल फेडली जाई. फिटली नाही तर बाकी अंगावर राहून पुढच्या हंगामालाही इथेच यावे लागे. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे. उचलीत अडकून पडलेले कुटुंब त्या कायद्याच्या किती जवळ जाते, हे प्रत्येक भट्टीमालकाने वकिलाला विचारून घ्यावे, असे मी या मालकांनाही स्पष्ट सांगितले. नवरा-बायको मिळून दिवसाला साधारण आठशे विटा पाडत, म्हणजे ₹९२० ची मजुरी होई. पण त्या आठशे विटांमध्ये चिखलाचे गोळे आणून देणारी, सुकलेली वीट उलटवणारी दहा-बारा वर्षांची मुले होती आणि त्यांचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. त्या कामाला एक प्रौढ मजूर ₹४०० रोजाने ठेवला असता, तर पाडलेल्या विटेमागे ५० पैसे आणि अव्वल विटेमागे ६१ पैसे वाढले असते. जुनी वीट स्वस्त होती, त्यातला निदान एवढा स्वस्तपणा त्या मुलांच्या शाळेतून आलेला होता. मातीचेही तसेच आहे. बारा लाख विटांना साधारण ९६० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती लागे, म्हणजे सव्वादोन एकर भातशेताची एक फूट जाडीची वरची माती दरवर्षी निघून जाई. शेतकऱ्याला तिचे पैसे मिळत, पण ते शेत पूर्वीसारखे पिकायला किती वर्षे लागतील, याचा भाव कोणी ठरवलेला नव्हता.

झिगझॅग का नाही

पहिला पर्याय अर्थातच झिगझॅगचा तपासला. या पद्धतीत विटा अशा रचतात की गरम हवा सरळ न जाता नागमोडी फिरते, त्यामुळे उष्णता विटांना जास्त वेळ मिळते आणि काजळी कमी होते. चांगल्या चालवलेल्या झिगझॅग भट्टीत किलोभर विटेमागे साधारण १.१ मेगाज्यूल ऊर्जा लागते. आमच्या मालकांच्या भट्टीचा कोळसा आणि तूस यांचा हिशेब केला, तेव्हा तो १.६५ च्या आसपास आला. म्हणजे ऊर्जेत तिसरा हिस्सा बचत होते. पैशांत मात्र ती बचत तेवढी दिसत नाही, कारण जुन्या भट्टीतील जवळजवळ निम्मी उष्णता स्वस्त तुसाची होती आणि झिगझॅगमध्ये ती कोळशाने भरून काढावी लागली असती. हजार विटांचे इंधन ₹१,९५० वरून ₹१,७१० वर आले असते, म्हणजे पाडलेल्या विटेमागे फक्त २४ पैसे वाचले असते. खरा फायदा उताऱ्याचा होता. अव्वल विटांचे प्रमाण ८२ वरून ९२ वर गेले आणि दोयम ५ वर आले, असे धरले, तर धुराड्याचा भांडवली खर्च सोडून वीट ₹५.१७ ला पडते. चौऱ्याहत्तर पैशांच्या या फरकात इंधनाचा वाटा लहान आणि उताऱ्याचा मोठा आहे, हे इंधनबचतीच्या जाहिरातींत कधी सांगितले जात नाही.

तरीही हा पर्याय सोडावा लागला. अधिसूचनेप्रमाणे नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर दूर हवी, आणि कल्याणच्या या पट्ट्यात आता ८०० मीटरच्या वर्तुळात चाळ, गोदाम किंवा नवी इमारत नाही अशी जागा मिळत नाही. शिवाय अशी भट्टी अखंड पेटती ठेवावी लागते, म्हणजे आताच्या कितीतरी पट माती लागते. ती माती इथे नाही.

ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाच्या वाफेत पिकवलेल्या, हलक्या ब्लॉकचा कारखाना, ज्याचा माल आज मुंबईतील बहुतेक उंच इमारतींत जातो, त्याचे भांडवल या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. उरला पर्याय औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून हायड्रॉलिक प्रेसवर वीट काढण्याचा, म्हणजे भट्टीच नसलेल्या वीट कारखान्याचा.

राखेच्या विटेचा हिशेब

राख वापरण्याचा आग्रह धोरणात जुना आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत तो सुरू झाला, २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झाले आणि २०१६ मध्ये ३००. २०१६ च्या दुरुस्तीने राखेपासून वस्तू बनवणाऱ्यांसाठी १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च वीज केंद्रावर टाकला आणि त्यापुढे ३०० किलोमीटरपर्यंत तो निम्मा-निम्मा वाटून दिला. डिसेंबर २०२१ मध्ये या अधिसूचनेची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. मुंबईच्या परिसरात ट्रॉम्बे, डहाणू आणि नाशिकजवळचे एकलहरे ही राखेची ठिकाणे आहेत. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात कोरडी राख सिमेंट कारखान्यांना आणि तयार काँक्रीटच्या प्लँटनाही हवी असते, आणि आठवड्याला दोन टँकर मागणारा वीटवाला रांगेत शेवटी उभा राहतो.

मिश्रण असे ठरले : ५५ टक्के राख, ३५ टक्के दगडखाणीची बारीक भुकटी आणि १० टक्के सिमेंट. तीन किलोंच्या विटेत सिमेंट ३०० ग्रॅम. ₹३५० च्या पोत्याप्रमाणे त्याचे ₹२.१० होतात. राखेची वाहतूक आणि उतराई ६६ पैसे, भुकटी ६८ पैसे, मजुरी ७५ पैसे, वीज १३ पैसे, साचे, तेल, पॅलेट आणि दुरुस्ती मिळून २२ पैसे, पाणी ८ पैसे. बेरीज ₹४.६२ येते आणि तीन टक्के तूटफूट धरली की ₹४.७६. ही झाली बदलत्या खर्चाची बाजू.

स्थिर खर्चाची बाजू मालकांना नवी होती, कारण भट्टीला असा खर्च जवळजवळ नव्हताच. हंगाम नसला की भट्टी एक पैसाही मागत नाही. कारखाना मात्र पावसाळ्यात बंद असला, तरी व्याज मागतो. प्रेस, मिक्सर आणि पट्टा यांचे ₹३२ लाख, शेड व ओटा ₹१४ लाख, वीजजोडणी आणि जनरेटर ₹६ लाख, पॅलेट व फोर्कलिफ्ट ₹८ लाख असे एकूण ₹६० लाख लागले. त्यावर दहा वर्षांचा घसारा ₹६ लाख. कर्ज ₹४० लाख होते, पण घरचे ₹२० लाखही फुकट नसतात, म्हणून सगळ्या रकमेवर ११ टक्के दराने ₹६.६ लाख धरले. ऑपरेटर, फिटर आणि सुपरवायझर यांचे पगार ₹७.२ लाख, जागा ₹३ लाख, विजेचा स्थिर आकार ₹१.२ लाख, विमा आणि प्रयोगशाळेतील चाचण्या ₹१ लाख. एकूण ₹२५ लाख दरवर्षी.

जुन्या विटेच्या ₹५.९१ शी बरोबरी करायची, तर प्रत्येक नव्या विटेतून स्थिर खर्चासाठी ₹१.१५ मिळतात. ₹२५ लाख भागिले ₹१.१५ म्हणजे पावणेबावीस लाख विटा. ज्यांनी आयुष्यभर वर्षाला दहा लाखांपेक्षा कमी अव्वल विटा विकल्या होत्या, त्यांना फक्त जुन्याच भावाला वीट पडावी म्हणून दुपटीहून जास्त विटा विकाव्या लागणार होत्या. मी हा आकडा लाल शाईने लिहून दिला. मशीन विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात दिवसाला दहा हजार, वर्षाला तीस लाख, अशी क्षमता दिली होती आणि त्या हिशेबाने वीट ₹५.५९ ला पडत होती. मालकांच्या मुलाने तोच आकडा धरला.

पहिले पूर्ण वर्ष २०२३–२४ हे होते आणि त्या वर्षी चौदा लाख विटा निघाल्या. स्थिर खर्चाचा विटेमागे वाटा ₹१.७९ झाला आणि वीट ₹६.५५ ला पडली, म्हणजे अवकाळी पाऊस झालेल्या वर्षातल्या भट्टीच्या विटेपेक्षाही महाग.

घोडे कुठे अडले

कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रेस बंद होती. मला वाटले बिघाड असेल. ऑपरेटर म्हणाला, ‘‘मशीनला काय झालेय? ठेवायला जागा नाही.’’ शेडमध्ये कानाकोपऱ्यापर्यंत ओल्या विटांच्या थप्प्या होत्या, दोन थप्प्यांमधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट, आणि एक बाई रबरी नळी घेऊन त्यांच्यावर पाणी मारत होत्या. राखेची वीट भट्टीत भाजत नाही, ती पाण्याने पिकते. तिला निदान वीस दिवस ओली ठेवावी लागते. ओट्यावर ९५ हजार विटा मावत होत्या, म्हणजे भागिले वीस केले की दिवसाला ४,७५० विटांपेक्षा जास्त काढण्यात अर्थच नव्हता. वर्षात २९५ दिवस काम झाले आणि बरोबर चौदा लाख विटा निघाल्या. दहा हजारांची प्रेस घेतली होती आणि कारखाना चालत होता पावणेपाच हजारांच्या ओट्यावर. ओट्याचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता आणि, हे मला मान्य केले पाहिजे, माझ्या पहिल्या टिपणातही नव्हता.

जागा मोकळी करण्याच्या घाईत त्या पावसाळ्यात दहा दिवसांची वीट गाडीत भरली गेली. ती मुलुंडच्या एका बांधकामावर रात्री पोचली, कारण अवजड गाड्यांना दिवसा गर्दीच्या वेळी शहरात बंदी असते, आणि सकाळी साइटवरच्या अभियंत्याने पाच हजार विटांची ती गाडी परत पाठवली. मी तिथे गेलो होतो. विटेच्या कडा बोटाने दाबल्या तर तुटत होत्या आणि गाडीच्या फाळक्याखाली बोटभर राखाडी भुकटी साचली होती. एका फेरीचे भाडे ₹६,५०० म्हणजे विटेमागे ₹१.३० जायला आणि तेवढेच यायला गेले. एवढे होऊन तीच वीट आणखी दहा दिवस पाणी घालून ठेवली, तेव्हा तपासणीत ती ७.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर्गात उत्तम बसली. विटेत दोष नव्हता, तिला वेळ दिला गेला नव्हता.

उपाय प्रेसपेक्षा फार स्वस्त निघाला. शेडच्या बाजूला साडेतीन हजार चौरस फुटांचा उघडा काँक्रीटचा ओटा आणि त्यावर तुषार सिंचनाच्या नळ्या, खर्च ₹५ लाख. घसारा आणि व्याज धरून स्थिर खर्च ₹१.०५ लाखांनी वाढला. जागा १.६ लाख विटांची झाली, रोजचे उत्पादन आठ हजारांवर गेले आणि २०२४–२५ मध्ये चोवीस लाख विटा विकल्या गेल्या. वीट ₹५.८५ ला पडली. जुन्या विटेपेक्षा अवघे सहा पैसे कमी. पण नफ्याचे गणित विटेमागच्या पैशांवर संपत नाही. दर ₹७ धरला, तर भट्टीत वर्षाला ₹१०.७ लाख राहत, कारखान्यात पहिल्या वर्षी ₹६.३ लाख राहिले आणि दुसऱ्या वर्षी ₹२७.६ लाख. पहिल्या वर्षी घरातले वातावरण कसे होते, ते मला माहीत आहे. बँकेचा हप्ता चुकला नाही, एवढेच त्या वर्षाविषयी समाधानाने सांगता येते.

मालकांची रोजची चिंता विजेच्या बिलाची असे. बिल दर महिन्याला कागदावर येते, म्हणून ते डोळ्यांत भरते. मी त्यांना पुन्हा पुन्हा दाखवत राहिलो की सगळी वीज मिळून १३ पैसे आहे आणि सिमेंटचा एक टक्का २१ पैशांचा. पोते ₹३० नी वाढले की विटेवर १८ पैसे चढतात, आणि तेवढी वीज वाचवायला कारखाना बंदच ठेवावा लागेल. म्हणजे या पद्धतीत इंधनाची जागा सिमेंटने घेतली आहे. भट्टीचा धूर गेला हे खरे आणि आजूबाजूच्या वस्तीला ते पहिल्याच हिवाळ्यात जाणवले, परंतु वर्षाला ७२० टन सिमेंट लागते आणि ते कुठल्या तरी सिमेंटभट्टीत कोळशावरच भाजलेले असते. पर्यावरणाच्या बाजूने या कारखान्याचा निःसंशय फायदा दोन ठिकाणी आहे : शेतातली माती वाचली, आणि जवळजवळ चार हजार टन राख वीज केंद्राच्या राखतळ्यात न जाता भिंतीत गेली.

कराच्या पर्यायाबद्दल थोडक्यात. भट्टीच्या काळात वजावट घेण्यासारखी खरेदीच नसे. कारखान्यात ₹३५० च्या पोत्यात तेव्हा २८ टक्के कर होता, म्हणजे विटेमागे ४६ पैसे, आणि यंत्रांवरचा कर वेगळा, म्हणून बारा टक्क्यांचा पर्याय घेतला. अडचण अशी की १ एप्रिल २०१९ पासून घरे बांधणाऱ्या बिल्डरला स्वतःला वजावट मिळत नाही, त्यामुळे तो करासह एकूण भाव बघतो आणि मालकांना मूळ दर थोडा खाली आणावा लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर १८ टक्के झाला, त्यामुळे वजावटही घटली आहे. हा निर्णय दरवर्षी नव्याने तपासावा लागेल.

आणि मजूर. चोवीस कुटुंबांपैकी चार कुटुंबे कारखान्यात राहिली. एकूण चौदा माणसे बारमाही कामावर आहेत, पगार बँकेत जमा होतो आणि उचल बंद झाली आहे. चारही घरांतली मुले गावच्या शाळेत जातात. सुरुवातीला मजुरीचा खर्च ७५ पैशांवर आल्याचे पाहून मालकांचा मुलगा आनंदला होता. भट्टीत तो विटेमागे एक रुपया सत्तर पैसे होता. मी त्याला विचारले की बाकीची वीस कुटुंबे या वर्षी कुठे गेली. त्याला माहीत नव्हते. मुकादमाला माहीत होते : काही दुसऱ्या तालुक्यातल्या भट्ट्यांवर, काही वसईकडे. त्यांतल्या काहींच्या अंगावर आमच्या मालकांची बाकी होती, आणि नव्या भट्टीवाल्याने ती भरून त्यांना आपल्याकडे नेले होते. वहीत ती रक्कम ‘वसूल’ म्हणून जमा झालेली दिसते. त्या नोंदीचे मी काय करावे ते मला अजून कळलेले नाही. उरलेली सारी बाकी मालकांनी माझ्या सांगण्यावरून सोडून दिली आणि ती तोट्यात टाकली.

आता मुलाला दुसरी प्रेस घ्यायची आहे. पहिली प्रेस आजही तिच्या क्षमतेच्या चार-पंचमांशावर चालते आणि ती पावसाळ्यात थांबते ती राखेमुळे, कारण उघड्यावर साठवलेली राख भिजली की मिक्सरमध्ये तिचे गोळे होतात. म्हणून ₹७ लाखांचा ६० टनांचा बंद सायलो, म्हणजे राखेची उंच कोठी, सुचवला आहे. दिवसाला नऊ हजार विटा काढल्या तर रोज पंधरा टन राख लागते, म्हणजे चार दिवसांची बेगमी होते. त्याने स्थिर खर्च ₹२७.५ लाखांवर जाईल. चोवीस लाखांवरच थांबलो, तर वीट पुन्हा ₹५.९१ ला, म्हणजे नेमकी भट्टीच्या भावाला पडेल. सत्तावीस लाखांपर्यंत गेलो तर ₹५.७८. हे दोन्ही आकडे मी एकाच कागदावर, शेजारी शेजारी लिहून दिले. मालकांनी त्यांपैकी पहिल्याखाली रेघ मारली, ओट्यावर आणखी वीस हजार विटांची जागा निघते का ते मोजायला मुलाला पाठवले, आणि सायलोच्या पायाचे काम मे महिन्याच्या आत उरकायचे ठरवले.